पोरगं हुशार आहे म्हणून नव्हे

मागच्या महिन्यात मुख्याध्यापिका बाईंनी मला शाळेत बोलावून घेतलं. कामावर खाडा करून गेलो. समोर खुर्ची रिकामी होती, पण बसा म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "तुमच्या मुलाला ही शाळा झेपत नाही. दाखला घेऊन जा. शेरा आम्ही चांगला लिहू."

शेरा चांगला लिहू! म्हणजे हाकलणार, पण हाकललं असं कागदावर येणार नाही. सगळं तोंडी. सही नाही, शिक्का नाही, कारण नाही.

आणि मी काय बोललो? इथंच माझी लाज आहे, आणि ती सांगायलाच हा लेख लिहायला घेतलाय. सभेत माईक हातात आला की व्यवस्थेच्या चिंध्या करणारा मी, त्या टेबलापुढे हात जोडून उभा राहिलो आणि म्हणालो, "बाई, पोरगं हुशार आहे हो!"

हे वाक्य गेली चार वर्षं मी प्रत्येक दारात म्हणत आलोय. आता म्हणणार नाही. का, ते सांगतो.

माझा पोरगा नऊ वर्षांचा. चौथीत आहे. त्याला ऑटिझम आहे. मराठीत स्वमग्नता म्हणतात. कुणी काढला हा शब्द कुणास ठाऊक. स्वतःत मग्न! जसं काय पोरगं पाय दुमडून ध्यानाला बसलंय. माझं पोरगं स्वतःत मग्न नाही. उलट जग त्याच्या अंगावर जास्त येतं. शेजारी मिक्सर लागला की कान दाबून मोरीत जाऊन बसतं. शाळेची घंटा वाजली की बाकाखाली घुसतं. रांगेत मागचं पोर चिकटलं की ढकलतं. "तुझं नाव काय?" विचारलं तर तेच उलटून म्हणतं, "तुझं नाव काय?" शर्टाची बटणं अजून लागत नाहीत. पेन्सिलीनं चार ओळी लिहायला अर्धा तास.

मी पोस्टात सॉर्टिंगला आहे. एकदा पिनकोडचं जुनं पुस्तक घरी आणलं. पोरानं चार महिन्यांत ते पुस्तक खाल्लं. महाड? ४०२३०१. महू? ४५३४४१. धारावी? ४०००१७. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा सॉर्टिंगच्या जिल्ह्याचा, हे त्याला मी शिकवलं नव्हतं. आकडे बघून त्यानंच काढलं. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पाटीवर पिन चुकलाय. पोरगं रोज तिथं थांबून ओरडतं. लोक म्हणतात, येडं आहे. पाटी चुकली आहे हे कोणी बघत नाही.

आणि एक कबूल करतो. निदान व्हायच्या आधी मी त्याला मारलंय. मुद्दाम करतोय, बापाला जुमानत नाही, असं वाटायचं. त्याची आई मध्ये पडायची. त्या चपराकी आता आठवल्या की जेवण उतरत नाही.

आता या पोराला शाळेत लागतं काय? ऐका. प्रार्थनेच्या वेळी लाउडस्पीकरखाली उभं न करता वर्गात बसू द्यावं. बाक घंटेपासून लांब असावं. आज कुठले तास आहेत ते सकाळी एका कागदावर लिहून द्यावं, आणि बदल होणार असेल तर आधी सांगावं. लेखी उत्तराऐवजी काही तोंडी घ्यावं, परीक्षेत वेळ जादा द्यावा. आणि आठवड्यातून काही तास ज्याला हे काम कळतं असा शिक्षक असावा. बस. यात शेवटची एक गोष्ट सोडली तर पैशाचा प्रश्नच नाही. नियत लागते.

पण नियतीच्या आधी तपासणी आली. पहिली तपासणी झाली ती भाड्याच्या एसीवाल्या खोलीत. मॅडम इंग्रजीतून विचारत होत्या. आमच्या घरात मराठी, गल्लीत हिंदी. पोरगं टेबलाखाली गेलं ते बाहेर आलंच नाही. मॅडमनी अर्ध्या तासात लिहून दिलं, मतिमंद. आणि मला बाजूला घेऊन विचारलं, "घरी दारू वगैरे?" आमचं आडनाव आणि पत्ता त्यांनी आधी वाचला होता. माझ्या बायकोला विचारलं, "तुम्ही त्याच्याशी बोलता का घरी?" ती बिचारी त्या पोरासाठी नोकरी सोडून बसलेली! त्या रात्री ती झोपली नाही. माझंच काही चुकलं का, एवढंच विचारत राहिली.

आईला दोष द्यायची ही तऱ्हा जुनी आहे, दोस्तांनो, आणि शास्त्राचं सोवळं नेसून आलेली आहे. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर या डॉक्टरानं ११ मुलांवर लेख लिहिला आणि ऑटिझम हे नाव गाजलं. त्यानं नोंदवलं की या मुलांचे आईबाप शिकलेले, बुद्धिमान घरातले आहेत. असणारच! त्या काळी अशा मोठ्या डॉक्टरापर्यंत पोचणार कोण? पण त्यातून समज पसरला की हा शिकल्यासवरल्यांच्या घरातला आजार. पुढं तिकडच्या आयांनाही सोडलं नाही. आई थंड, प्रेम देत नाही, म्हणून पोर असं झालं, हा सिद्धांत ब्रुनो बेटलहाइमनं १९६७ च्या पुस्तकात जोरात मांडला. बर्नार्ड रिमलँड, जो स्वतः अशा पोराचा बाप, त्यानं १९६४ सालीच पुस्तक लिहून सांगितलं होतं की हा मेंदूच्या घडणीचा मामला आहे, आईच्या मायेचा नाही. आज तो सिद्धांत शास्त्रानं फेकून दिलाय. पण तपासणीच्या खोलीत तो अजून जिवंत आहे. श्रीमंताची आई थंड म्हणून गुन्हेगार, आमची आई अडाणी म्हणून गुन्हेगार. आणि पोरगं? पैसेवाल्याचं असेल तर 'वेगळं', आमचं असेल तर 'मंद' नाहीतर 'वळण नसलेलं'.

हे मी रागानं बोलत नाही. अमेरिकेतच सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत काळ्या पोरांना बुद्ध्यांकाची चाचणी देऊन मतिमंदांच्या वर्गात ढकलत होते. पालकांनी १९७१ साली दावा लावला. लॅरी पी. या नावानं तो खटला ओळखला जातो. १९७९ साली न्यायालयानं सांगितलं की त्या कामासाठी त्या चाचण्या काळ्या पोरांवर वापरता येणार नाहीत, त्या चाचण्यांतच पक्षपात आहे. म्हणजे पोराची बुद्धी मोजताना फूटपट्टी कुणाच्या घरातली आहे हे आधी विचारावं लागतं.

दुसरी तपासणी सरकारी इस्पितळात झाली. नंबर लागायला सात महिने गेले. पण तिथं एक तरुण बाई होत्या. त्या पोराबरोबर जमिनीवर बसल्या, मराठीत बोलल्या, पिनकोडचं पुस्तक मागून घेतलं. दोन दिवस बोलावलं. निष्कर्ष निघाला: ऑटिझम आहे, बुद्धी उत्तम आहे. मग ऑटिझमची जी भारतीय मोजपट्टी आहे, इसा म्हणतात तिला, ४० मुद्द्यांची, तिच्यावर मोजून ४० टक्क्यांच्या वरचं प्रमाणपत्र मिळालं. मला वाटलं, जिंकलो.

कसला जिंकलो! खरी गंमत पुढंच आहे.

शाळेनं अहवाल वाचला आणि म्हणाली, बुद्धी उत्तम आहे ना, मग मदत कशाला पाहिजे? इतर मुलांसारखं बसावं. लक्ष देत नाही म्हणजे लाड झालेत. विशेष शाळेत गेलो. तिथं दारावर पाटी, मतिमंद मुलांसाठी. ते म्हणाले, हा तर वाचतो, गणित करतो, आमच्याकडे याचं काय काम? नेहमीच्या शाळेत घाला. एका खाजगी शाळेत गेलो. तिथले गोड बोलले. म्हणाले घेऊ, पण शॅडो टीचर तुम्ही ठेवायचा, महिना पंधरा हजार, शिवाय फी. पोस्टातल्या माणसाच्या पगारात पोराला सावली विकत घ्यायची!

म्हणजे बघा. हुशार असेल तर मदत नाही. मदत लागत असेल तर हुशार नाही. हे गणित कुठंतरी ऐकल्यासारखं वाटतं का? तुम्ही तर रोज ऐकता. कॉलेजच्या कँटीनमध्ये, हॉस्टेलच्या मेसमध्ये, मुलाखतीच्या खोलीत. राखीव जागेवर आलास म्हणजे गुणवत्ता नाही, गुणवत्ता असेल तर राखीव जागा कशाला? दोन्हीकडून सुरी एकच. आधार मागणं हाच कमीपणाचा पुरावा ठरवायचा. स्वतःला मात्र बापाचा पैसा, घरातली पुस्तकं, ट्यूशन, ओळखी, मामा-काका हे सगळे आधार असतात. त्याला आधार म्हणत नाहीत. त्याला गुणवत्ता म्हणतात.

हे मला कळत होतं. तरी मी "पोरगं हुशार आहे" म्हणतच होतो. ती सवय मोडली त्या विशेष शाळेच्या व्हरांड्यात. मी क्लार्कला तावातावानं सांगत होतो, "अहो, माझा मुलगा यांच्यासारखा नाही. तो हुशार आहे. याला यांच्यात कसं बसवता?" बाकावर एक बाई बसली होती. मांडीला टेकून तिची बारा-तेरा वर्षांची मुलगी. मुलगी बोलत नव्हती. बाई पदरानं तिची लाळ पुसत होती. तिनं माझ्याकडं बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "दादा, तुमचा हुशार हाय, चांगलं हाय. पण माझी काय कमी हक्काची हाय का?"

मला उत्तर आलं नाही. मी तिथं जे केलं ते काय होतं? आपल्यातलेच चार शिकलेले वस्ती सोडून फ्लॅटमध्ये गेले की म्हणतात, आम्ही तसले नाही. मी पोराच्या नावानं तेच करत होतो. त्याच्या हुशारीची पायरी करून दुसऱ्या पोरांच्या डोक्यावर पाय देत होतो. उतरंड मोडायची भाषा करणारा मी, उतरंडीत पोराला एक मडकं वर ठेवा एवढंच मागत होतो.

सातारच्या शाळेत लहान भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळा बसत होता. तो पुढं बाबासाहेब झाला म्हणून त्याला वेगळं बसवणं चूक होतं का? तो पुढं साधा हमाल झाला असता तरी ते तेवढंच चूक होतं! वर्गातली जागा हे हुशारीचं बक्षीस नाही. हे आपण जातीच्या बाबतीत ठणकावून सांगतो. मग अपंग पोरांच्या बाबतीत आपली जीभ का अडखळते?

आता आपल्या घरातलंही बोलू. नुसतं बाहेरच्यांना शिव्या देऊन भागणार नाही. माझ्याच आईनं, जिनं १९५६ ची दीक्षा घेतलेल्या बापाच्या मांडीवर बसून बावीस प्रतिज्ञा पाठ केल्या, तिनं पोराला काळा दोरा बांधला. करणी असेल म्हणाली. मी दोरा कापला, ती आठ दिवस बोलली नाही. शेजारची मावशी देवऋषाचा पत्ता देऊन गेली. आणि चळवळीतला जुना मित्र, नाव घेत नाही, मला म्हणाला, "अरे, हे श्रीमंतांचे रोग. आपल्यापुढं मोठे प्रश्न आहेत." आपल्या भाषणांत बघा, शिवी द्यायची झाली की आपण काय म्हणतो? सरकार आंधळं, बहिरं, लुळं, मतिमंद. शिवीसाठी आपल्याला हीच माणसं सापडतात. मीही दिल्यात या शिव्या. आता देत नाही.

आणि त्या 'दिव्यांग' शब्दाचं काय? २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी तो रेडिओवरून सुचवला आणि कागदोपत्री रूढ झाला. आपल्याला ही तऱ्हा ओळखीची आहे. 'हरिजन' म्हणून गोंजारलं होतं ना आपल्याला? त्या शब्दावरून १९३८ साली बाबासाहेब आणि त्यांचे सहकारी मुंबईच्या विधिमंडळातून उठून बाहेर पडले होते. देवाचं नाव लावलं की हक्काचा हिशेब मागायचं लोक विसरतील असं वरच्यांना वाटतं. माझ्या पोराला दिव्य काही नको. त्याला घंटेपासून लांब बाक पाहिजे.

"मोठे प्रश्न" म्हणणाऱ्या मित्राला एक गोष्ट सांगायची राहिली होती, ती इथं सांगतो. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं, हे आपण अभिमानानं सांगतो. पण १९७७ च्या एप्रिलमध्ये काय झालं ते आपल्यात कितीजणांना ठाऊक आहे? सरकारी पैशावर चालणाऱ्या कुठल्याही ठिकाणी अपंगांना डावलता येणार नाही, असं कलम तिकडं १९७३ सालच्या कायद्यात आलं होतं, कलम ५०४. पण नियमांवर सही करायला सरकार टाळत होतं. शंभराहून जास्त अपंग माणसं सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी कचेरीत घुसली आणि जवळजवळ चार आठवडे तिथंच राहिली. चाकाच्या खुर्च्यांसकट. त्यांना रोज गरम जेवण कोण पोचवत होतं? ब्लॅक पँथर! त्यांचा एक कार्यकर्ता ब्रॅड लोमॅक्स स्वतः चाकाच्या खुर्चीवर होता आणि आत बसलेल्यांत होता. एप्रिल संपायच्या आत सही झाली. त्या पँथरांनी विचारलं नाही की हा आमचा प्रश्न आहे का. आपण त्यांचं नाव घेतलं. आता ही भाकरी पोचवायची रीतही घ्यावी.

कायदा आपल्याकडंही आहे, दोस्तांनो. नीट वाचा, कारण शाळा वाचत नाहीत. १९९५ च्या अपंग कायद्यात ऑटिझमचं नावच नव्हतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ते आलं. त्या न्यासाची निरामय नावाची आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, आपल्या वस्तीत ती कुणी सांगत नाही. मग २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा आला, त्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम स्वतंत्र आहे. मतिमंदत्वाबरोबर असो वा नसो. म्हणजे बुद्धी उत्तम आहे म्हणून हक्क रद्द होत नाही. कलम १६ म्हणतं, सरकारी पैसा घेणाऱ्या किंवा सरकारमान्य प्रत्येक शाळेनं भेदभाव न करता प्रवेश द्यायचा आणि पोराच्या गरजेप्रमाणे सोय करायची. कलम ३१ म्हणतं, ४० टक्क्यांवरच्या पोराला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण, जवळच्या शाळेत किंवा विशेष शाळेत, आणि निवड त्याची. शाळेची नाही! २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम १६ म्हणतं, आठवी पुरी होईपर्यंत कुठल्याही पोराला शाळेतून काढता येत नाही. २०१२ च्या दुरुस्तीनं अपंग पोरं वंचित गटात आली, खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर त्यांचाही हक्क आहे. त्या जागांतून खाजगी शाळांना सोडवायचा डाव राज्य सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये टाकला, तो मुंबई उच्च न्यायालयानं त्याच जुलैत रद्द केला. आणि २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगून ठेवलंय की अशा पोरांसाठी प्राथमिकला दहामागे एक आणि त्यावरच्या वर्गांना पंधरामागे एक विशेष शिक्षक पाहिजे.

आमच्या शाळेत असा शिक्षक किती? शून्य. एक कंत्राटी बाई अनेक शाळा मिळून फिरतात, आमच्याकडं महिन्यातून एकदा येतात, रजिस्टर भरतात आणि पुढच्या शाळेची बस पकडतात. त्यांचा दोष नाही. त्यांना माणूस म्हणून नाही, आकडा भरायला ठेवलंय.

म्हणून मी ठरवलंय. दाखला घेणार नाही. परवा शाळेत लेखी अर्ज दिला. पोराला काय सोय पाहिजे ते एक, दोन, तीन करून लिहिलं. खाली कायद्याची कलमं लिहिली. पोच मागितली. बाई म्हणाल्या, पोच कशाला, आपण बोलून घेऊ. मी खुर्ची ओढून बसलो आणि म्हणालो, "बोलणं पुष्कळ झालं. पोच द्या." वीस मिनिटांनी शिक्का मिळाला. अर्जात हुशार हा शब्द एकदाही लिहिलेला नाही.

उत्तर काय येईल ते अजून ठाऊक नाही. नाही आलं तर शिक्षणाधिकारी, पुढं पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांकडं तक्रार, पुढं न्यायालय. पोरगं मात्र रोज शाळेत जातं. त्याची आई व्हरांड्यात बसते. दोस्तांनो, तिला तिथं एकटीला बसावं लागतं, हा तुमच्या-माझ्या चळवळीचा पराभव आहे.

तुम्ही तरुण आहात, शिकलेले आहात, अर्ज लिहिता येतो तुम्हाला. तुमच्या वस्तीत असं पोर आहे. नक्की आहे. कुणी घरात कोंडलंय, कुणी बाबाकडं नेलंय, कुणाला दाखला देऊन हाकललंय. त्या घरी जा. प्रमाणपत्राच्या रांगेत त्या आईबरोबर उभे राहा. शाळेत तिच्याबरोबर जा आणि तोंडी काही ऐकून घेऊ नका, लेखी मागा. तपासणी पोराच्या भाषेत झाली का ते विचारा. आपल्या विहारात अभ्यासिका चालते ना? तिथं एक कोपरा अशा पोरांसाठी ठेवा, आणि माईक जरा हळू लावा.

ती व्हरांड्यातली बाई मला पुन्हा भेटली. तिच्या मुलीचा अर्ज मी लिहिला. तिला अंगठाच येतो. अंगठ्याखाली मी तारीख घातली आणि आम्ही दोघंही पोच घ्यायला आत गेलो.

जयभीम.